सूक्ष्मसुई उपचार : व्रणांवरील एक उपाय व त्याच्या मर्यादा

देवी रोगाचा भारतातील अखेरचा स्थानिक रुग्ण १९७५ साली आढळला आणि देवीच्या व्रणांनी भरलेले चेहरे हळूहळू दिसेनासे झाले. मुरुमे, कांजिण्या, भाजणे व अपघात यांचे व्रण मात्र आजही अनेक तरुण-तरुणींच्या वाट्यास येतात. अशा व्रणांनी जिवास धोका नसतो. परंतु लग्न ठरताना, मुलाखतीस जाताना, किंबहुना आरशासमोर उभे राहतानाही मनास होणारी वेदना खरीच असते. यास्तव या उपचाराची माहिती येथे देत आहोत.

त्वचेच्या आतील थरास कोलॅजेन नावाच्या तंतुमय प्रथिनाचा आधार असतो. मोठ्या मुरुमाच्या दाहाने हा आधार नष्ट झाला की त्या जागी खड्डा पडतो. वरून लावलेले मलम तेथे क्वचितच परिणाम करते. सूक्ष्मसुई उपचारात अत्यंत बारीक सुयांनी त्वचेस असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडली जातात. शरीर त्यांस जखम समजून ती भरून काढू लागते व नवे कोलॅजेन तयार होते. वयोमानाने पडणाऱ्या बारीक सुरकुत्यांवरही याच तत्त्वाने काही अंशी उपयोग होतो.

कॅनडातील शल्यविशारद कामिरां यांनी शाईविना गोंदणयंत्र वापरून व्रण सुधारतात, असे १९९७ साली मांडले. पुढे दक्षिण आफ्रिकेचे डॉ. डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचा छोटा रूळ प्रचारात आणला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या काश्मीरमधील एका अभ्यासात उपचार पूर्ण केलेल्या ३६ पैकी ३४ रुग्णांच्या व्रणांची तीव्रता एक ते दोन श्रेणींनी घटली. बाह्यत्वचा बहुतांशी शाबूत राहत असल्याने, आपल्यासारख्या सावळ्या वर्णात काळे डाग पडण्याचा धोका काही लेसर उपचारांपेक्षा कमी असतो.

प्रथम बधिर करणारे मलम सुमारे पाऊण ते एक तास लावून ठेवतात. व्रणांसाठी साधारणतः दीड ते दोन मिलिमीटर लांबीच्या सुया वापरतात. रक्ताचे बारीक ठिपके दिसताच थांबतात. लाली दोन-तीन दिवसांत ओसरते. त्या काळात उन्हापासून जपणे अत्यावश्यक असते. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन-चार बैठका लागतात आणि अंतिम परिणाम दिसण्यास काही महिने जातात.

हा उपचार व्रण पुसून टाकत नाही. तो त्यांस उथळ करतो. पसरट खड्ड्यांस चांगला गुण येतो, सुईच्या टोचणीसारख्या अरुंद व खोल व्रणांस फारसा येत नाही. अंगावर उठावदार व्रण वाढण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी, तसेच मुरुमे फुललेली असताना अथवा ओठांवर नागीणसदृश फोड असताना हा उपचार टाळावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांस आधी सांगावे.

बाजारात मिळणारा रूळ घरी वापरू नये, ही रुग्णांच्या कुटुंबीयांस कळकळीची विनंती. एकाचा रूळ दुसऱ्याने वापरल्यास कावीळ 'ब', 'क' व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर सुया टाकूनच द्याव्या लागतात. उपचाराच्या खर्चातील मोठा वाटा याच टाकून दिलेल्या सुयांचा असतो, आणि गरीब रुग्णाची बैठक नेमकी तेथेच अडते. देणगीदारांनी दिलेला रुपया अशा वेळी कोणत्याही यंत्रावर नावाने कोरलेला दिसणार नाही. परंतु मान वर करून बोलू लागलेल्या एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर तो निश्चित दिसेल.