दाखल्याच्या अर्जावर सही करण्याआधी: चिडणाऱ्या, मारणाऱ्या, गप्प बसणाऱ्या मुलांच्या शाळेचं काय करायचं?

वर्गात पोरांना मारतो, बाक सोडून पळतो, चिडला की दप्तर फेकतो. नाहीतर दिवसच्या दिवस एक शब्द बोलत नाही. अशा मुलाच्या घरी शाळेतून निरोप येऊ लागतात. आधी ‘जरा लक्ष द्या’, मग ‘समजावून सांगा’ आणि शेवटी ‘आमच्याच्यानं होत नाही, दाखला काढून न्या, दुसरीकडं घाला’. बरेच पालक मान खाली घालून अर्ज लिहून देतात. शाळेनं मुलाला काढलं, असं मग कागदावर कुठंच येत नाही. पालकांनी स्वतःहून दाखला मागितला, एवढीच नोंद राहते.

ही सही करायची घाई नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत त्याच वर्गात ठेवायची मुभा आली, पण काढून टाकायची बंदी तशीच राहिली. कलम १७ नुसार मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. यासाठी मुलाकडं कसलंही वैद्यकीय प्रमाणपत्र असावं लागत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र या कायद्याच्या बाहेर आहेत.

‘अशा पोरांची शाळा कुठं असते?’

हा प्रश्न हमखास येतो. खरं सांगायचं तर तालुक्याच्या गावी अशी शाळा सहसा नसते. विशेष शाळा आहेत, पण त्या मुख्यतः अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी. बुद्धीनं चांगला पण रागावर ताबा नसलेला मुलगा तिथं घातला तर त्याचं शिक्षण मागं पडतं आणि राग तसाच राहतो. म्हणून बुद्धिमापन चाचणी झाल्याशिवाय विशेष शाळेचा विचारच करू नये.

दुसरी धाव असते कडक शिस्तीच्या निवासी शाळेकडं. ‘होस्टेलला टाका, सरळ येईल,’ हा सल्ला पारावर फुकट मिळतो. पण घरातलं भांडण, बापाची दारू किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यामुळं बिथरलेल्या मुलाला घरापासून तोडलं तर तो आणखी बिथरू शकतो. ‘रिमांड होमला घालीन’ ही धमकी तर देऊच नये. निरीक्षणगृह ही खोडकर मुलांची शाळा नाही. कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवायची ती जागा आहे.

म्हणजे बहुतेकांसाठी योग्य शाळा ही गावातलीच शाळा असते, फक्त तिथं मदत पोचवावी लागते. त्यासाठी आधी कारण शोधायला हवं.

‘ऐकत नाही’ म्हणजे नक्की काय?

कधी कधी मुलाला खरंच ऐकू येत नसतं. कान वाहतो, फळ्यावरचं दिसत नाही, वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, काही सेकंद नजर हरवते (हा फिटचाही प्रकार असू शकतो). गावात या सगळ्याला एकच नाव मिळतं, ‘आगाऊ’. त्यातलं काहीच नसेल, तर अतिचंचलता, स्वमग्नता, नैराश्य किंवा भीती यांची तपासणी करावी लागते. शांत मुलगा अचानक बदलला असेल, तर त्याच्याशी कुणी वाईट वागलं का, हेही एकांतात, न रागावता विचारायला हवं. तसं काही निघालं तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

सगळ्यात स्वस्त आणि उपयोगाची गोष्ट म्हणजे एक वही. दोन आठवडे घरी पालकांनी आणि शाळेत गुरुजींनी तीन गोष्टी लिहायच्या: चिडण्याच्या जरा आधी काय झालं, मुलानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. समजा वहीत दिसलं की मारामारी गणिताच्या तासालाच होते आणि दर वेळी त्याला वर्गाबाहेर काढलं जातं. मग शिक्षा म्हणून जे चाललंय, ती त्याची सुटका आहे. त्याला गणित येत नाही आणि सगळ्यांसमोर ते उघडं पडायची भीती वाटते. इथं छडी काय कामाची? त्याला दोनच उदाहरणं द्यायची, ती जमली की खडू आणायला पाठवायचं, पुढच्या बाकावर बसवायचं आणि चूक असेल तर जवळ जाऊन हळू सांगायचं. हे दोन शिक्षकांच्या शाळेतही जमण्यासारखं आहे.

मदत कुठं मागायची?

पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांनी शाळेत येऊन मुलाला पाहावं, असा लेखी अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा आणि पोच घ्यावी. एकेकाकडं बऱ्याच शाळा असतात, त्यामुळं एका अर्जावर भागेलच असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. हे पथक पुढं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवू शकतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून जावं, नाहीतर रोज बुडतो, एसटीचं भाडंही वाया जातं. सोबत वही, प्रगतिपुस्तक आणि मुख्याध्यापकांचं पत्र न्यावं. गोळ्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. जाणं जमत नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. देवऋषीकडं जाणारे जातातच, पण त्यात शाळेचं वर्ष जाऊ देऊ नये.

प्रमाणपत्राबद्दल गोंधळ फार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार हे प्रकार आहेत. नुसती अतिचंचलता त्या यादीत वेगळी नाही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. नववी-दहावीला शिक्षण हक्क कायद्याचा आधार उरत नाही, तेव्हा हे प्रमाणपत्र कामी येतं.

शाळेची बाजूही आहे. मार खाणाऱ्या मुलांचे आईबाप मुख्याध्यापकांच्या दारात उभे असतात आणि त्यांचा राग खोटा नसतो. म्हणून विषय शाळा व्यवस्थापन समितीत ठेवलेला बरा. तिथं तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मधल्या सुट्टीत मुलाजवळ कोण थांबेल, चिडला तर कुठं बसवायचं, घरी फोन कधी करायचा, हे तिथं ठरवून लिहून घेता येतं. तरीही काढायचाच घाट असेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडं लेखी तक्रार करावी. तिचा निकाल तीन महिन्यांत लावायचा असतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं होतं.

एवढं करून शाळा बदलणंच बरं वाटलं, तर तो निर्णय पालकांचा असावा. आधी नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून वही दाखवावी, काहीही लपवू नये. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना जुन्या शाळेनं दाखला लगेच द्यायचा असतो. तो यायला उशीर झाला, म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.