बीएचसी पचविणारे जंतू

शेतकऱ्यांच्या तोंडी ‘बीएचसी’ म्हणून रुळलेली कीटकनाशक भुकटी म्हणजे हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन हे रसायन होय. मायकेल फॅरेडे ह्यांनी ते १८२५ मध्ये प्रथम तयार केले. त्यात सहा कार्बन अणूंचे एक कडे असून प्रत्येक अणूस एकेक क्लोरीन जोडलेला असतो. क्लोरिनांच्या मांडणीनुसार त्याचे आल्फा, बीटा, गामा इत्यादी समघटक होतात. कीटक मरतात ते केवळ गामाने, आणि कारखान्यातील मिश्रणात तो शेकडा १० ते १५ इतकाच असतो. बाकीचे सारे शेतात व्यर्थच पडले. भारतात ह्या मिश्रणावर १९९७ मध्ये बंदी आली. पण बंदीने माती निवळत नाही. बीटा समघटक तर विशेष चिवट. तो वर्षानुवर्षे टिकतो, प्राण्यांच्या चरबीत साठतो व दुधातही उतरतो.

हे विष पचविणारे जंतू मातीतच असतात. कटक येथे उसाच्या मुळांभोवतालच्या मातीत असा एक जंतू आढळला. त्याला पुढे ‘स्फिंगोबियम इंडिकम’ हे नाव मिळाले. त्याची एंझाइमे कड्यावरील क्लोरीन एकामागून एक सोडवितात. बंगळूरपासून फार दूर नसलेल्या म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत वेगळी वाट धरली गेली. तेथे एका जंतूऐवजी अनेक जंतूंचा समूह घेऊन त्याला दीर्घकाळ ह्याच रसायनाच्या सहवासात ठेवले, तेव्हा त्याची विघटनशक्ती वाढली. माणसाला जशी तिखटाची सवय होते, तसाच काहीसा हा प्रकार!

परंतु काचपात्रातील जंतू शेतात जगेलच असे नाही. म्हणून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कटकचा जंतू साखर कारखान्यातील मळीवर वाढवून, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीत मुरविला गेला. दोन्ही वस्तू स्वस्त व सर्वत्र मिळणाऱ्या. ही भुकटी लहान खड्ड्यांतील व एका दूषित शेतातील मातीत मिसळली असता शेकडा ८५ ते ९५ विष नाहीसे झाले. तथापि आठ दिवसांनंतर घातलेल्या जंतूंपैकी फार तर एक पंचमांशच जिवंत राहिले होते.

बीटाची अडचण निराळी आहे. त्याचे एकदोन क्लोरीन निघून त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल गट बसतात, आणि पुष्कळदा ह्या जंतूचे काम तेथेच अडते. कडे मात्र अभंग राहते. ते फोडणाऱ्या एंझाइमांचा शोध संशोधक अद्याप घेत आहेत.