रिपोर्ट नॉर्मल आला, मग?

केज तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर लांबवणं बरं नाही.

भाऊ १९ वर्षांचा. ऊसतोडीच्या फडावर असताना त्याची झोप उडाली. मुकादम मारायला माणसं पाठवतोय म्हणायचा, रिकाम्या कोपीत कुणाशी तरी बोलत बसायचा. घरच्यांनी उचलीच्या पैशातून एमआरआय केला. रिपोर्ट नॉर्मल. भावकीने लगेच निकाल दिला : मशीनला काही सापडलं नाही, म्हणजे हे बाहेरचंच. आता देवऋषी सुरू आहे. ताई विचारतात, "अशा भास-भ्रमाच्या आजारात मेंदूत फरक दिसतो असं तुम्हीच लिहिलंत, मग माझ्या भावाच्या फोटोत का नाही दिसला?"

ताई, मी लिहिलं तेही खरं आणि तुमचा रिपोर्टही खरा. मेलबर्नचे संशोधक पॅन्टेलिस यांचा २००३चा अभ्यास पाहा. या आजाराच्या धोक्याच्या उंबरठ्यावरचे ७५ जण, त्यांतल्या २३ जणांना पुढे सायकोसिस, म्हणजे हाच भास-भ्रमाचा आजार, झाला. या २३ जणांच्या मेंदूच्या काही भागांत करडं द्रव्य आजाराआधीच कमी भरलं होतं. पण एकेकाचा फोटो उजेडावर धरून हे कुणाला दिसलेलं नाही. संगणकाने प्रत्येक मेंदूचे बारीक बारीक ठोकळे पाडले, आजार झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही गटांच्या सरासऱ्या ताडून पाहिल्या, तेव्हा हा फरक हाती लागला. दोन गावांतल्या पोरांच्या सरासरी उंचीत बोटभर फरक निघाला, तरी समोरचा पोरगा कुठल्या गावचा हे उंचीवरून सांगता येत नाही.

रेडिओलॉजिस्ट शोधतो ते वेगळंच : गाठ, रक्तस्राव, सूज, फीतकृमीच्या अळ्यांचे फोड. यांमुळेही माणूस भ्रमात जाऊ शकतो, म्हणून काही वेळा डॉक्टर स्कॅन सांगतात. तुमच्या भावाच्या फोटोत यातलं काही आढळलं नाही, ही चांगलीच बातमी आहे. 'आजार नाही' असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं. सायकोसिसचं निदान आजही मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, तपासून करतात. ते एका फोटोवर करून देणारं यंत्र जगात कुठेच नाही.

म्हणून पुन्हा स्कॅनसाठी कर्ज काढू नका. देवऋषीवरून घरात भांडणही नको, पण त्यापायी औषधोपचार लांबवू नका. उपचाराविना जितके महिने जातात तितकं पुढे सावरणं अवघड होतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात त्याला मानसोपचार विभागात दाखवा. फडावर परत जाणार असाल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे औषधात खंड पडणार नाही. आणि आज रात्रीच कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.