भातखाचरांतली कोकरे

भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या की भिवंडी तालुक्याच्या गावांत घाटावरचे पाहुणे येऊ लागतात. पुढे मेंढ्यांचा खांडवा, मागे बिऱ्हाड लादलेली घोडी, घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या आणि लहान मुले. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतून आणि नगर-नाशिकच्या दुष्काळी पट्ट्यातून निघालेले हे धनगर मेंढपाळ कोणी माळशेज घाटाने मुरबाडला उतरतात, तर कोणी कसाऱ्याच्या बाजूने शहापूरला. तिथून भिवंडी, वाडा, विक्रमगड असा त्यांचा मुक्काम हलत राहतो. मृगाचा पाऊस जवळ आला की ते पुन्हा घाट चढतात, कारण कोकणचा पाऊस आणि सततची ओल मेंढीला सोसत नाही.

गावाला या पाहुण्यांची ओळख आहे ती लेंडीखतामुळे. शेतकरी आपल्या खाचरात काही रात्री मेंढ्या बसवून घेतो आणि त्याबद्दल मेंढपाळाला तांदूळ किंवा रोख रक्कम देतो. लेंडी आणि मूत्र थेट शेतातच पडते, वाहतुकीचा खर्च नाही, आणि पुढच्या भाताला त्याचा फायदा दिसतो. पण याच काळात त्या खाचरांत आणखी एक मोठी गोष्ट घडत असते, तिच्याकडे गावाचे फारसे लक्ष जात नाही. मेंढपाळाचे वर्षभराचे उत्पन्न तिथे जन्माला येत असते.

विणीचा हंगाम इथेच का येतो?

मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा. घाटावर मृग-आर्द्राच्या पावसानंतर माळावर कोवळे गवत फुटते, मेंढ्यांच्या अंगावर मांस चढते आणि त्या माजावर येतात. जून-जुलैत फळलेली मेंढी कार्तिक-मार्गशीर्षात विते. वर्षातली दुसरी, लहान वीण पावसाळ्यात होते. पण दख्खनी मेंढीची मोठी वीण हिवाळ्याच्या तोंडाशी, आणि नेमक्या त्याच वेळी खांडवा कोकणात उतरलेला असतो.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पोटातल्या कोकराची दोन तृतीयांशाहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. कळपातल्या पुष्कळ मेंढ्या हे सहा आठवडे दसरा-दिवाळीच्या सुमारास घाट उतरताना, रोज नव्या रानात चरताना काढतात. पोटात कोकरू वाढत असते, त्यामुळे चाऱ्याला जागा कमी उरते, आणि चाल मात्र थांबत नाही. कोकरू किती वजनाचे जन्मेल, आईला दूध किती येईल, हे बरेचसे या दिवसांतच ठरून जाते. म्हणून कोकराची काळजी त्याच्या जन्मानंतर सुरू करणे म्हणजे उशीर करणे. ती दीड महिना आधी सुरू व्हायला हवी.

दीड महिन्याची तयारी

पहिली गोष्ट खुराक. गाभण मेंढीला चराईशिवाय रोज दोनशे ते अडीचशे ग्रॅम भरडलेला मका, ज्वारी किंवा पेंड मिळाली तर कोकरू दणकट निपजते. शंभर-दोनशे मेंढ्यांना एवढा खुराक विकत घेऊन घालणे प्रत्येकाला झेपत नाही. अशा वेळी निदान दोन जीव पोटात असलेल्या, रोडावलेल्या आणि पहिलारू मेंढ्या निवडून तेवढ्यांनाच द्यावा. जुळी पोटात असलेली मेंढी उपाशी राहिली तर तिचे शरीर स्वतःचीच चरबी भराभर जाळू लागते. मेंढी सुस्त होते, खाणे सोडते, कळपामागे रेंगाळते आणि बसली की उठत नाही. शेवटच्या महिन्यात अशी मेंढी दिसली तर थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दुसरी गोष्ट लस. मेंढीच्या बाबतीत रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून पोटातल्या कोकराकडे जात नाहीत. कोकरू जन्मते ते त्या दृष्टीने रिकाम्या हातांनी. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस विण्याआधी तीन-चार आठवडे आईला टोचली, तर तिच्या चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, ते संरक्षण कोकराला मिळते. भातखाचरांत या लसीचे महत्त्व अधिक, कारण कापणी-झोडणीत सांडलेला भात मेंढ्या अधाशीपणे खातात आणि अशा अचानक मिळालेल्या दाण्यानेच आंत्रविषार उसळतो. नव्या खाचरात कळप सोडताना पहिल्या दिवशी थोडाच वेळ सोडावा.

तिसरी गोष्ट जंत. घाटावरच्या कोरड्या माळावर जो त्रास कमी असतो, तो कोकणात समोर येतो. पाणथळ जागी, खाचरांच्या कडेला आणि ओढ्यांत राहणाऱ्या गोगलगायींमधून यकृतातल्या चपट्या कृमींचा प्रसार होतो. या कृमींनी पोखरलेल्या मेंढीच्या डोळ्यांची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरते, ती खंगत जाते, आणि दूध तर येतच नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून रंग पाहणे ही कोणालाही जमणारी तपासणी आहे. ओलसर कडेला चराई टाळणे आणि वाहते किंवा हौदाचे स्वच्छ पाणी पाजणे हा अर्धा उपाय. औषध मात्र डॉक्टरला विचारूनच द्यावे. काही जंतनाशके गाभणकाळाच्या सुरुवातीला पोटातल्या जिवाला घातक ठरतात.

चौथी गोष्ट वाड्याची, म्हणजे कळप रात्री बसवायची, जागा. विणीच्या दिवसांत मुक्काम उंचवट्यावर, निचऱ्याच्या जमिनीवर असावा. खाचराच्या खोलगट भागात रात्री दव साचते आणि ओल टिकते. व्यायला झालेल्या मेंढ्या आणि ओली कोकरे यांच्यासाठी वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून वेगळा कोपरा करावा आणि त्यात कोरडा पेंढा अंथरावा. भिवंडीत पेंढ्याला तोटा नाही. शेतकऱ्याने दिलेले चार भारे या कामी फार मोलाचे.

मेंढी विते तेव्हा

विण्याची वेळ जवळ आल्याची चिन्हे धनगराच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतात. कास भरून येते, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात, मेंढी कळपापासून बाजूला होते, पायाने जमीन उकरते, बसते, उठते, पुन्हा बसते. पाण्याची पिशवी दिसल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात कोकरू बाहेर यायला हवे. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले तर कोकरू सरळ आहे. हात लावण्याची गरज नाही. तासभर जोर काढूनही प्रगती नसेल, एकच पाय दिसत असेल किंवा नुसते डोकेच पुढे आले असेल, तर मदत लागते. नखे कापलेला, साबणाने धुतलेला, तेल लावलेला हातच आत घालावा आणि मेंढी कळ देईल तेव्हाच हलके ओढावे. अडलेली मेंढी धसमुसळेपणाने मोकळी केली की कोकरू वाचते आणि आई जाते. जार काही तासांत आपोआप पडते. बारा तास उलटूनही पडली नाही, तर ती ओढून काढू नये, डॉक्टरला बोलवावे.

कोकरू जमिनीवर आले की नाकातोंडातला चिकटा पुसावा. श्वास सुरू झाला नाही तर पेंढ्याच्या मुठीने छाती चोळावी, गवताची काडी नाकात हलकेच फिरवावी. मग त्याला आईच्या तोंडापुढे ठेवावे. आईचे चाटणे कोकराला कोरडे करते, त्याचे रक्त खेळते ठेवते आणि त्याचा वास आईच्या ओळखीचा करते. विलेल्या जागेवरून मेंढीला घाईने हुसकले, किंवा कोकरू उचलून लांब नेले, तर पुढे आई त्याला अंगाला लागू देत नाही.

नाळ आपोआप तुटते. लांब लोंबत असेल तर तीन-चार बोटे ठेवून कापावी आणि तिचे टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. पूर्वापार हळद लावतात. तिच्यापेक्षा आयोडीन अधिक खात्रीचे. वाड्यातल्या मातीत आणि लेंडीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि ओली नाळ त्यांना आत शिरायची वाट देते. आयोडीनची एक छोटी बाटली सबंध विणीला पुरते. बिऱ्हाडात ती असलीच पाहिजे.

चीक: पहिल्या दिवसाची पुंजी

कोकराच्या सगळ्या काळजीत एकच गोष्ट निवडायची झाली, तर ती चीक. आईने जमवलेली सगळी प्रतिकारशक्ती त्यात असते. ती शोषून घेण्याची कोकराच्या आतड्याची क्षमता जन्मानंतर तासातासाने घटत जाते आणि चोवीस तासांत जवळपास संपते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो, पण ते संरक्षण पुरवू शकत नाही.

म्हणून पहिल्या तास-दोन तासांत कोकरू प्यायलेच पाहिजे. आचळाच्या तोंडाशी मेणासारखा बूच असतो. दोन-चार धारा जमिनीवर काढून तो मोकळा करावा आणि कोकराचे तोंड आचळाला लावावे. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसभरात अर्धा लिटरच्या आसपास चीक मिळायला हवा, तोही थोडा थोडा, अनेक वेळा. आई मेली, आटली किंवा लाथाडू लागली, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा वा शेळीचा चीक द्यावा. पोटावरून हात फिरवून ते भरले आहे की नाही हे पाहणे, ही वाड्यावरच्या बायकांची सवय मोलाची आहे. रात्री परतलेल्या शेकडो मेंढ्यांच्या गलबल्यात कोणते कोकरू कोणाचे हे त्या अचूक ओळखतात आणि उपाशी राहिलेले हुडकून आईला धरून पाजतात. कळपाच्या या अर्ध्या कामाची दखल क्वचितच घेतली जाते.

थंडी आणि पाऊस

कोकराच्या अंगाचे तापमान ३९ ते ४० अंश सेल्सिअस असते. ओले कोकरू, उपाशी पोट आणि वारा एकत्र आले की ते भराभर उतरते. कोकराच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले तर धोका सुरू झाला. अशा वेळी पुष्कळजण घाईने दूध ओततात. मान धरू न शकणाऱ्या गार कोकराला दूध पाजले तर ते फुप्फुसात जाते. आधी पुसून कोरडे करावे, घोंगडीत गुंडाळून शेकोटीच्या उबेला किंवा गरम पाण्याच्या बाटलीशी धरावे. मान वर धरू लागले, चोखू लागले की मगच कोमट चीक द्यावा.

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत राज्यात अवकाळी पाऊस आणि बोचरा गारठा एकदमच आला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उघड्यावर बसलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने गारठून मेल्या. मुंबई-ठाण्यातही डिसेंबरात क्वचितच पडतो एवढा पाऊस त्या वेळी झाला. विणीच्या ऐन दिवसांत असे घडले की सगळ्यांत आधी ओली कोकरे जातात. ताडपत्री, हवामान खात्याचा अंदाज आणि आडोशाची आधीच हेरून ठेवलेली जागा, या तीन गोष्टी आता वाड्याच्या सामानात धरायला हव्यात.

दुसऱ्या आठवड्यापासून

पहिले काही दिवस कोकरे वाड्यातच राहतात आणि मेंढ्या चरायला जातात. दुसऱ्या आठवड्यापासून ती पाला चघळू लागतात. बोर, बाभूळ, सुबाभूळ, उंबर यांच्या कोवळ्या डहाळ्या त्यांच्या उंचीला टांगाव्यात. वाघरीला कोकरूच शिरेल एवढी फट ठेवून आत भरडा ठेवला, तर मोठ्या मेंढ्या तो फस्त करत नाहीत. दीड-दोन महिन्यांनी पहिले जंतनाशक, तीन-चार महिन्यांनी आंत्रविषार आणि पीपीआर या साथीच्या रोगाची लस. जुलाब लागलेले कोकरू लगेच वेगळे करावे आणि त्याला मीठ-साखरेचे पाणी द्यावे, कारण त्याचा जीव जातो तो बहुधा अंगातले पाणी आटून.

जुळ्यांचा प्रश्न इथे येतो. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचे जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. एका विणीत दोन कोकरे म्हणजे उत्पन्न वाढते, यात शंका नाही. पण दोन कोकरांना पुरेल एवढे दूध चाऱ्याशिवाय येत नाही, आणि रोज चालणाऱ्या कळपात प्रत्येक जादा कोकरू कोणाला तरी उचलावे लागते. जिथे मुक्काम स्थिर आणि खुराक हाताशी आहे, तिथे जुळी वरदान ठरतात. वाटेवरच्या मेंढपाळासाठी एकच पण जगलेले कोकरू अधिक मोलाचे.

गावाचा वाटा

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. पुण्याचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आणि वीस मेंढ्या व एक नर देणारी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना यांचा मेंढपाळांना आधार आहे. पण वाटेवरच्या कळपाला खरी गरज लागते ती मुक्कामाच्या गावाची, आणि भिवंडीत ती गावेच झपाट्याने बदलत आहेत. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या भातशेतीवर गोदामे उभी राहिली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये याच तालुक्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. घाटावरून उतरणाऱ्या त्या रुंद रस्त्यावर मेंढरांना पाऊल टाकता येत नाही. जुन्या वाटा तुटल्या की गाभण मेंढीच्या वाट्याला वळसे येतात, आणि ते वळसे पोटातल्या कोकराला सोसावे लागतात.

भिवंडी, शहापूर, वाड्याच्या शेतकरी बंधू-भगिनींना म्हणून एवढीच विनंती. यंदा खाचरात मेंढ्या बसवाल तेव्हा उंचवट्याची कोरडी जागा द्या, चार भारे पेंढा द्या, विहिरीचे पाणी द्या. नुकतीच कीटकनाशके फवारली असतील तर मेंढपाळाला आधी सांगा. रात्री गावातली मोकाट कुत्री वाड्याकडे जाणार नाहीत हे पाहा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता सांगा, फिरत्या पथकासाठीचा १९६२ हा क्रमांक लिहून द्या आणि अवकाळीचा इशारा आला तर एका रात्रीपुरता गोठ्याचा किंवा पडवीचा आडोसा खुला करा. तुमच्या शेताला खत मिळते ते या कळपामुळे, आणि कळप पुढच्या वर्षी परत येतो तो यंदाची कोकरे जगली तरच.