‘फ्युर एलिझे’ नको, आधी आरती!

पियानो शिकायचा म्हटलं की आपल्या डोक्यात एकच धून वाजायला लागते. ग्रीटिंग कार्ड उघडलं की वाजणारी, जुन्या मोबाईलच्या रिंगटोनमधली, तीच ती. बीथोवनची ‘फ्युर एलिझे’! फर्स्ट इयरला घरून आणलेला सेकंडहँड, एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड खोलीत मांडल्या मांडल्या मीही तीच सुरू केली. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा लंगडतं. शुद्धलेखन पोटात घाला.)

सुरुवातीचे नऊ सूर तासाभरात बसले. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर बोटं नाचवायची, की झालं. खोलीत टाळ्या! आणि त्या टाळ्यांनीच घात केला. नऊ सुरांनंतर डावा हात येतो, तो खालून वर लांब लांब ढांगा टाकत. मधल्या भागांत तर बोटं अक्षरशः पळवावी लागतात. ही रचना 1810 मधली, छापली गेली 1867 मध्ये, म्हणजे बीथोवन जाऊन चाळीस वर्षांनी. तोपर्यंत लोक तिच्याशिवाय जगले, मीही जगले असते. पण गॅदरिंगला नाव दिलं, स्टेजवर गेले आणि तेच नऊ सूर तीनदा वाजवून उठले. त्या रात्री कीबोर्ड विकायचा असं ठरवलं होतं. नोटीस बोर्डवर चिठ्ठीसुद्धा लावली होती.

तो विकला गेला नाही याचं श्रेय आमच्या फ्लोअरवर झाडू मारायला येणाऱ्या मावशींना. एकदा सबमिशनच्या दिवसांत, डोकं चालेना म्हणून, एका बोटाने ‘सुखकर्ता दुखहर्ता’ची चाल शोधत बसले होते. बाहेर झाडू थांबला. मावशी दारातूनच म्हणाल्या, “ताई, तिथं नाही वर जात. खाली येतंय ते.” मी पट्टी बदलली. “आता बरोबर.” मावशींनी आयुष्यात पियानोला हात लावलेला नाही, पण माझा चुकलेला सूर त्यांनी झाडू मारता मारता पकडला.

तेव्हा ट्यूब पेटली. ‘फ्युर एलिझे’ मी महिनाभर चुकीची वाजवत होते आणि आख्ख्या होस्टेलमध्ये एकीनेही सांगितलं नाही, कारण पहिल्या नऊ सुरांच्या पुढे ती कुणालाच ठाऊक नव्हती. मलाही! आरती मात्र कॉरिडॉरमधल्या प्रत्येकीला पाठ. नवशिक्याला जवळ सर नसतील तर कानच सर होतात, आणि कानाला जे आधीपासून येतं तेवढंच तो शिकवू शकतो. शिवाय आरतीत एका कडव्याची चाल बसली की तिन्ही कडवी आली. मेहनत एकपट, फळ तिप्पट.

पण थांबा, ओळखीचं म्हणजे सोपं असं नाही. इथे मी दुसऱ्यांदा आपटले. आईला आवडतं म्हणून ‘मोगरा फुलला’ घेतलं. सूर सापडले, पण गाणं काही सापडेना! लताबाई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, मधल्या जागाही गातात. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसतं. इथून उचललं की तिथे ठेवायचं. त्यामुळे मींड आणि मुरक्यांवर उभं असलेलं गाणं पट्ट्यांवर टाइप केल्यासारखं वाजतं. म्हणून आधी सरळ चालीची गाणी घ्यायची, एका अक्षराला साधारण एक सूर असणारी. बडबडगीतं, प्रार्थना, आरत्या यांत अशी पुष्कळ सापडतात.

दुसरी गोष्ट पल्ल्याची. कीबोर्डवर दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीला लागून डावीकडे जी पांढरी पट्टी असते, ती पेटीवाल्यांची पांढरी एक. तिला सा मानलं तर पुढच्या पांढऱ्या पट्ट्या म्हणजे सरळ रे ग म प ध नि. अंगठा सा वर ठेवला तर करंगळी प वर येते. पाच बोटं, पाच सूर, हात हलवायचा नाही! या घरात मावणारं गाणं नवशिक्यासाठी सोनं. गंमत म्हणजे ते सोनंही बीथोवननेच देऊन ठेवलंय. त्याच्या नवव्या सिम्फनीतली (1824) ‘ओड टू जॉय’ची धून ग वर सुरू होते, शेजारच्या पायऱ्यांवरूनच प पर्यंत चढते आणि सा पर्यंत उतरते. फक्त एका ठिकाणी खालच्या प ला हात लावून यावं लागतं. त्याच माणसाचं भलतंच गाणं मी निवडलं होतं, बोला!

‘ट्विंकल ट्विंकल’ पण चांगलं. सा वरून थेट प वर उडी, मग ध, म्हणजे पाच बोटांच्या घराबाहेर फक्त एक पाऊल. शेवटचा भाग म्हणजे पहिलाच भाग पुन्हा. मूळची ही फ्रेंच चाल, मोझार्टने तिच्यावर बारा व्हेरिएशन्स लिहिली आहेत, तेव्हा पोरखेळ म्हणून हसू नका. आणि एबीसीडीचं गाणं याच चालीत आहे हे मला विसाव्या वर्षी कळलं. केजीच्या सिस्टर्सनी एका चालीत दोन गाणी उरकली होती तर!

उलट ‘हॅपी बर्थडे’. सगळ्यांना येतं, म्हणून सगळे तेच आधी घेतात. आता रात्री बाराला आपल्या होस्टेलमध्ये काय होतं ते आठवा. पहिल्या दोन ओळी ठीक, आणि तिसरीत, जिथे नाव घ्यायच्या आधी सूर वर जातो, तिथे प्रत्येकजण वेगळ्या गावाला! कारण तिथे खालच्या प वरून एकदम वरच्या प वर उडी आहे, पूर्ण सप्तकाची. गळा जिथे चुकतो तिथे नवं बोटही चुकतं. ही माझी चाचणीच झाली आहे. गाणं आधी बाथरूममध्ये मोठ्याने म्हणायचं, वरही न किंचाळता आणि खाली आवाज न बुडता म्हणता आलं तर घ्यायचं. राष्ट्रगीताची सुरुवातही सोपी आहे, पण शेवटच्या जयघोषाला वरचा सा लागतो. शिवाय प्रॅक्टिस करताना रूममेटने प्रत्येक वेळी उभं राहायचं का, हा प्रश्न सुटेना. सोडून दिलं.

डाव्या हाताची घाई करू नका. चाल झोपेत वाजेल इतकी झाली की डाव्या हाताने नुसते सा आणि प एकत्र दाबून धरा, तंबोऱ्यासारखे. आपल्या चालींना ते छान शोभतं. ‘ओड टू जॉय’ला सा-ग-प आणि प-नि-रे एवढ्या दोन कॉर्ड्सवर बरंचसं निभावतं.

यंदा होस्टेलच्या गणपतीत रेक्टर मॅडमनी कीबोर्ड खाली हॉलमध्ये आणायला सांगितला. पहिलं कडवं मस्त गेलं. दुसऱ्याला टाळ्यांचा वेग वाढला. तिसऱ्याला पब्लिक नेहमीप्रमाणे प्रसादाच्या दिशेने सुटलं आणि माझा डावा हात मागेच राहिला. शेवटी एका हाताने वाजवत कशीबशी सगळ्यांच्या बरोबरीने पोचले. मावशी झांजा वाजवत होत्या. नंतर म्हणाल्या, “सूर नाही चुकला, ताई. आता जरा पळायला शिका.”

नोटीस बोर्डवरची ती चिठ्ठी कुणाला दिसली तर काढून टाका. कीबोर्ड विकायचा नाहीये.