झोन भिंतीवर मोजा

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा अर्क जिवाणूंची वाढ रोखतो का, हा प्रयोग सातारा-सांगलीकडच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज करता येतो: अगारवर जिवाणू पसरायचे, भोक पाडून त्यात अर्क घालायचा आणि उबवल्यावर भोवती उमटलेले स्वच्छ वर्तुळ, म्हणजे झोन, पट्टीने मोजायचा. निष्कर्षाची सारी भिस्त या शेवटच्या पायरीवर असते आणि घाई नेमकी तिथेच होते. झोनचा व्यास मात्रेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ढोबळमानाने तो तिच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो. मात्रा दुप्पट केल्यावर व्यास 4 मिलिमीटरने वाढत असेल, तर रिडिंगमधली 1 मिलिमीटरची चूक मात्रेत सुमारे 19 टक्क्यांची होते.

म्हणूनच एलसीडी प्रोजेक्टर आल्यावर अडगळीत गेलेले ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर, प्रयोगशाळेत आणावेत. पारदर्शक पेट्री डिश त्याच्या काचेवर ठेवून भिंतीचे अंतर जुळवले की झोन दहापट मोठा करता येतो आणि सगळा वर्ग एकाच कडेवर वाद घालू शकतो. हा वाद मला मोजमापाइतकाच मोलाचा वाटतो, कारण कडा कुठे धरायची हे एरवी प्रत्येक जण आपल्या जर्नलपुरते एकट्यानेच ठरवून टाकतो. मात्र प्रतिमा किती पट झाली हे अंदाजाने ठरवू नये. डिशशेजारी, अगारच्याच उंचीवर, पारदर्शक पट्टी आधी आडवी आणि मग उभी ठेवावी; दोन्ही वेळा सेंटीमीटर सारखाच पडला नाही, तर प्रतिमा तिरकी पडते आहे.

प्रतिमा मोठी केल्याने धूसर कडा धारदार होत नाही, तीही तितकीच पसरते, हा आक्षेप खरा आहे. कमी होते ती पट्टी वाचण्यातली चूक, आणि तेवढाच दावा करावा. दिव्याच्या उष्णतेने झाकणावर दव धरते, म्हणून डिश थोडाच वेळ ठेवावी. झाकण चिकटपट्टीने बंद असावे आणि रोगकारक जिवाणू यात नकोतच. रुग्णाच्या अहवालाला ठरलेली प्रमाणित पद्धतच हवी. मोबाइलच्या फोटोवरूनही मोजता येते, पण फोटोतही शेजारी पट्टी लागतेच. आणि हळदीपुरते एक ध्यानात ठेवावे: कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळते, अगारमधून फारसे पसरत नाही. त्यामुळे झोन लहान म्हणून हळद निष्प्रभ, असे कितीही अचूक मोजून म्हणता येणार नाही.

सातारा-सांगलीतल्या विभागप्रमुखांनी येत्या सत्रात एकच डिश साऱ्या वर्गाकडून आधी हातातल्या पट्टीने आणि मग भिंतीवर मोजून घ्यावी, आणि दोन्ही रिडिंग फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.