आधी तेल, मग ताकद

इगतपुरीत महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे आणि सातपुरात गाड्यांचा. 2002 साली आलेली पहिली स्कॉर्पिओ नाशिकची, 2020 ची नवी थारही नाशिकचीच. जोडीला बॉश. नाशिककर अजून त्या कंपनीला मायकोच म्हणतात, चौकही मायको सर्कलच राहिला आहे. डिझेलचे नोझल बनवण्यात या कारखान्याची हयात गेली. अशा शहरात इंजिनावर तासभर बोलणारा माणूस शोधावा लागत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे अचूक मशीनकाम करणारे हातही इथे मिळतात.

त्यामुळे एखाद्या हौशी माणसाने कंपनीचं इंजिन उतरवून त्यात फोर्ज्ड पिस्टन, मजबूत कनेक्टिंग रॉड, मोठा टर्बो आणि स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) घालायचं ठरवलं, तर बांधणीपर्यंतचं काम तसं सरळ आहे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. इंजिन बांधून झालेलं असतं, खिसा रिकामा झालेला असतो आणि मालकाला एकच प्रश्न पडलेला असतो: ‘किती बीएचपी देईल?’ जाणता ट्यूनर या प्रश्नाला बराच वेळ उत्तर देत नाही.

पहिलं काम तेलाचं. सगळे स्पार्क प्लग काढायचे, इंधन बंद ठेवायचं आणि नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवत राहायचं, ऑइल प्रेशर गेजचा काटा उचलेपर्यंत. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच फट असते. तेलाचा थर तयार होण्याआधी ठिणगी पडली, तर पहिल्या काही सेकंदांत कोरी बेअरिंगं खरवडली जातात. पुढे प्रेशर किती हवं याचा जुना ठोकताळा असा: दर हजार आरपीएमला साधारण 10 पीएसआय.

इंजिन सुरू झालं की ते तासन्‌तास आयडलवर ठेवण्याची पद्धत अनेक गॅरेजांत अजून आहे. ‘नवीन आहे, हळूहळू बसू द्या.’ यात काळजी आहे, पण यंत्रशास्त्र नाही. होनिंग करताना सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढलेल्या असतात. रिंगा त्या रेघांवर घासून बसतात आणि त्यांना भिंतीवर दाबण्याचं काम ज्वलनाचा दाब करतो. आयडलवर तो दाब पुरेसा नसतो. रेघा गुळगुळीत होतात, रिंगा बसत नाहीत आणि नवं कोरं इंजिन तेल प्यायला लागतं. म्हणून मध्यम भार द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. थोडं चालवून पहिलं तेल काढायचं आणि फिल्टर कापून आतली घडी उलगडून बघायची. बारीक चमक थोडीफार असणारच. कण चुंबकाला चिकटले तर लोखंड किंवा पोलाद, न चिकटणारे चंदेरी कण बहुधा ॲल्युमिनियमचे. तांबूस कण दिसले, तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतलं तांबं उघडं पडलंय असं समजायचं आणि इंजिन पुन्हा खोलायचं.

नंतर लीक-डाउन चाचणी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाखालची हवा सोडतात आणि किती टक्के निसटते ते मोजतात. गंमत टक्क्यांपेक्षा आवाजात आहे. सायलेन्सरमधून सूं ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घेणाऱ्या बाजूने आलं तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आलं तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. लाखभराच्या ईसीयूला जे कळत नाही, ते इथे कानाला कळतं.

एवढं झाल्यावर लॅपटॉप उघडायचा, आणि तोही ईसीयूमधले इंधन-टायमिंगचे नकाशे बदलायला नाही. आधी टायमिंग लाइट लावून बघायचं, की ईसीयू 10 अंश म्हणतो तेव्हा पुलीवरची खूणही 10 अंशच दाखवते का. हा मेळ चुकला असेल तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा. क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्या, तर आयडलला शांत असलेलं इंजिन वरच्या आरपीएमला अडखळू शकतं. मग लोक कॉइल बदलत बसतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो ऑक्सिजन सेन्सर. लॅम्डा सेन्सर बॉशचाच, 1976 साली पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत आला. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण 14.7 ला 1 असेल तर लॅम्डा एक. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर साधारण 0.8 च्या आसपास, म्हणजे रिच (पेट्रोल जास्त) ठेवतात. पण हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला उरलेला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरने मिसिंग केलं तर त्यातला सगळा ऑक्सिजन न जळता बाहेर येतो आणि स्क्रीनवर दिसतं ‘लीन’, म्हणजे पेट्रोल कमी. एक्झॉस्टचा जोड सैल असला तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन तेच दिसतं. अननुभवी माणूस पेट्रोल वाढवतो. प्लग आणखी भिजतो, मिसिंग वाढतं, सेन्सर आणखी लीन दाखवतो. दोन तास असे घालवल्यावर कुणीतरी प्लग काढून बघतं, आणि दोष बारा रुपयांच्या कनेक्टरमध्ये निघतो.

नॉकिंग मात्र थट्टेचा विषय नाही. ठिणगीने लागलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण भडकलं की दाबाच्या लाटा सिलिंडरभर आदळतात. 80-85 मिलिमीटर बोअरच्या इंजिनात हा आवाज सहा-सात किलोहर्ट्‌झच्या आसपास येतो. सेन्सर तिथे कान लावतो आणि ट्यूनरही हेडफोन घालून ऐकतो. टायमिंग एकेक अंश पुढे न्यायचं. टॉर्क वाढायचा थांबला, की नॉकिंग नसलं तरी तिथेच थांबायचं. त्यापुढे फक्त धोका वाढतो.

आता नाशिकच्या हवेची गोष्ट. शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या जवळपास आहे. मुंबईत हवेचा दाब 101 किलोपास्कल, इथे 94-95. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे सहा-सात टक्क्यांनी घटते. कार्ब्युरेटरची जुनी गाडी नाशिकला सेट करून कसारा घाट उतरवली, की खाली दाट हवा मिळते आणि मिश्रण लीन होतं. बेताने सेट केलेल्या इंजिनाचा पिस्टन असाच जातो. निरपेक्ष दाब मोजणारा ईसीयू हे सांभाळून घेतो. फक्त थ्रॉटलच्या कोनावर चालणाऱ्या नकाशाला मात्र वातावरणाच्या दाबाची दुरुस्ती वेगळी द्यावी लागते.

डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावरही हीच हवा खेळ करते. एसएई पद्धत आकडा 99 किलोपास्कल आणि 25 अंशांवर आणून दाखवते. नाशिकला मोजलेले 300 बीएचपी कागदावर 315 च्या घरात जातात. टर्बो नसेल तर ते रास्त आहे. पण टर्बो इंजिनाचा ईसीयू मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब आधीच ठरलेल्या पातळीवर धरून ठेवत असेल, तर ही दुरुस्ती म्हणजे फुकटची अश्वशक्ती. फेसबुकवर मिरवल्या जाणाऱ्या आकड्यांपैकी काही अशाच हवेतून आलेले असावेत.

पंपावरचं पेट्रोलही बदललं आहे, त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध इथेनॉलला हवा 9 ला 1 लागते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाला 14.7 नाही, साडेतेराच्या आसपास लागते. जुन्या पेट्रोलवर केलेला नकाशा तसाच ठेवला तर इंजिन लीन चालतं. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं हा फायदा खरा, पण तो पदरात पडायला इंजेक्टर आणि पंप यांच्यात तेवढं जास्त इंधन द्यायची ताकद हवी.

कायद्याची बाजू थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून असं इंजिन शोभतं ते रॅलीत. नाशिकच्या परिसराने राष्ट्रीय रॅली मालिकेच्या फेऱ्या पाहिल्या आहेत. 2019 च्या मालिकेत रॅलीचालक गौरव गिल ज्या गाडीत उतरले, ती एक्सयूव्ही 300 नाशिकला बनणारं मॉडेल होतं. रॅलीत पूर्ण भार मिनिटभर नाही, स्टेजच्या स्टेज टिकवावा लागतो. म्हणून डायनोवर एकदाच जोर लावून मिळालेल्या आकड्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या सलग धावेनंतर तेलाचं तापमान, पाण्याचं तापमान आणि टर्बोनंतरच्या हवेचं तापमान कुठे थांबलं, हे आधी वाचायचं असतं. तिथे काटा अजून चढतच असेल, तर इंटरकूलर किंवा ऑइल कूलर वाढवायचा आणि बूस्टला तोवर हात लावायचा नाही.